डॉक्टर नसलेल्यांची खुर्ची

'बायोएथिक्समध्ये करिअर आहे का?' असा मेसेज मला वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. विचारणारे बहुतेक लॉच्या शेवटच्या वर्षाला असतात. काही नर्सिंग केलेले, काही एमएसडब्ल्यू, अधूनमधून एखादा डॉक्टर, ज्याला ओपीडीत बसायचं नसतं. मी वकील आहे आणि काही वर्षांपासून एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर कायद्याची सदस्य म्हणून बसते, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिकच. कोर्स कुठे, फी किती, पगार किती, एवढंच त्यांना हवं असतं.

ते सांगतेच. पण आधी थोडं मागे जाऊ. कारण या क्षेत्रातल्या जागा कुठल्या युनिव्हर्सिटीने आधी ठरवून काढलेल्या नाहीत. कुठे तरी कोणाचं तरी नुकसान झालं, प्रकरण कोर्टात किंवा वर्तमानपत्रात गेलं आणि मग कायद्याने म्हटलं की या टेबलाभोवती डॉक्टर नसलेलंही कोणी तरी बसलं पाहिजे. ती प्रकरणं माहीत नसलेली माणसंही खुर्चीवर बसतात. मीटिंगला येतात, चहा घेतात, सही करून जातात.

हेल्थ लॉ शिकणाऱ्याला सुरुवातीलाच जो निकाल वाचावा लागतो तो आपल्या कोकणातला आहे. ६ मे १९५३ची संध्याकाळ, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतचा समुद्रकिनारा. वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीड मैल लांब. बाज आणून त्याला घरी न्यायलाच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्यायचा सल्ला दिला. रात्री एक वाजता टॅक्सी निघाली. सोबत आई आणि ते डॉक्टर. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मेला सकाळी साडेअकराला ती पुण्यात पोचली. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, दौंडला प्रॅक्टिस करत. ते पुण्यात येऊन थांबले होते.

त्याच दिवशी एका सर्जनच्या हॉस्पिटलात हाड बसवलं गेलं. कोर्टांनी मान्य केलेली हकिकत अशी की, पुरेशी भूल न देता, मॉर्फिनच्या इंजेक्शनवर, तीन माणसांकडून जोर लावून पाय ओढला आणि प्लास्टर घातलं. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. सर्जनचं म्हणणं, मृत्यू फॅट एम्बोलिझमने झाला. आई-वडिलांचं म्हणणं, उपचारांच्या धक्क्याने झाला. दावा खालच्या कोर्टातून हायकोर्टात, तिथून सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६८ साली 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' हा निकाल लागला. नुकसानभरपाई ३००० रुपये. पंधरा वर्षांनी.

रक्कम बाजूला ठेवा. कोर्टाने डॉक्टरच्या कर्तव्याची तीन टप्प्यांत मांडणी केली: हा पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवतानाची काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवतानाची काळजी आणि तो उपचार प्रत्यक्ष देतानाची काळजी. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या निकालांमध्ये हे तीन टप्पे आजही उद्धृत होतात. मला मात्र हा निकाल वाचताना दरवेळी वाटतं की, वडील डॉक्टर नसते तर हा खटला उभाच राहिला नसता. भूल किती दिली, पाय किती जोराने ओढला, हे प्रश्न विचारायचे असतात हेच दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. बाकीचे बाप प्रेत घेऊन गावी परतले असतील. त्यांची नावं कुठल्याच लॉ रिपोर्टमध्ये नाहीत.

डॉक्टरला प्रश्न विचारायला डॉक्टरच लागावा, ही अडचण फक्त आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत सिएटलला १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डायलिसिसची मशिन्स नवी होती आणि पेशंट जास्त होते. कोणाला मशिन द्यायचं हे ठरवायला सात जणांची कमिटी नेमली: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. सातांत डॉक्टर एकच. ही मंडळी पेशंटचं उत्पन्न, लग्न, मुलंबाळं, चर्चला जातो की नाही, असलं सगळं बघत. १९६२मध्ये 'लाइफ' मासिकाने हे छापलं तेव्हा गदारोळ झाला. म्हणजे डॉक्टर नसलेली माणसं आणून बसवली की न्याय होतो, असंही नाही. मग १९७२मध्ये टस्कीगीचं प्रकरण बाहेर आलं. सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्याने चाळीस वर्षं नुसतं लक्ष ठेवलं होतं. पेनिसिलीन आल्यावरही ते त्यांना दिलं नव्हतं. दोन वर्षांत, १९७४ला, अमेरिकेने संशोधनावर देखरेख करणारी मंडळं कायद्याने सक्तीची केली. मंडळांना माणसं लागली, माणसांना शिकवायला विभाग लागले. हेस्टिंग्ज सेंटर १९६९ला आणि जॉर्जटाऊनची केनेडी इन्स्टिट्यूट १९७१ला सुरू झालीच होती. तिथे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना हॉस्पिटलात काम मिळू लागलं. बायोएथिक्स हा पेशा झाला तो असा.

आपल्याकडे क्रम वेगळा. पेशा नंतर आला, आधी आली ती नोकरी सांभाळून रात्री मीटिंगा घेणारी माणसं. आणि यातलं बरंचसं मुंबईत घडलं.

१९८६च्या सुरुवातीला जे. जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीचं ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ पेशंट दगावले. औषधाच्या नावाखाली आलेल्या त्या मालात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने हॉस्पिटलपासून अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंतची साखळी उघडी केली. त्याच काळात मुंबईत गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम चालू होती. तिच्या रेट्यामुळे १९८८ला महाराष्ट्राने या तपासण्यांवर कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं. आणि तोही कागदावरच राहतोय असं दिसल्यावर २०००मध्ये सेहत, पुण्याची मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली. तिच्यामुळे राज्यं कामाला लागली आणि २००३ला कायदा दुरुस्त झाला. माझ्या दृष्टीने हेल्थ लॉ म्हणजे हे. नुसती कोर्टातली वकिली नाही. आकडे गोळा करणारा संशोधक, गावात फिरणारी कार्यकर्ती आणि याचिका लिहिणारा वकील, तिघं मिळून.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांवर चिडलेले काही डॉक्टर एकत्र आले. त्यांतून फोरम फॉर मेडिकल एथिक्स उभा राहिला आणि १९९३मध्ये एक छोटं नियतकालिक निघालं. सुनील पंड्या, अमर जेसानी, अरुण बाळ, संजय नगरळ ही त्यामागची काही नावं. पंड्या केईएमचे न्यूरोसर्जन. दिवसा मेंदूची ऑपरेशन्स आणि उरल्या वेळात संपादन. तेच नियतकालिक आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' आहे. आपल्याच पेशातल्या कट प्रॅक्टिसबद्दल छापून लिहिणं त्या वेळी, आणि आजही, सोपं नाही. २००५मध्ये या जर्नलने मुंबईत पहिली राष्ट्रीय बायोएथिक्स परिषद भरवली. आज या क्षेत्रात पगारी काम करणारे बरेच जण या मंडळींकडे कधी ना कधी शिकलेले आहेत.

आणि याच केईएममध्ये अरुणा शानबाग होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ला हॉस्पिटलातच वॉर्डबॉयने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली. त्यानंतर चार दशकं त्या तिथेच होत्या आणि नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांच्या वतीने, त्यांना जगवत ठेवणं थांबवावं म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका केली. कोर्टाने मुंबईचे तीन डॉक्टर तपासणीला पाठवले. ७ मार्च २०११च्या निकालात निष्क्रिय दयामरणाचा मार्ग देशात पहिल्यांदा उघडला, हायकोर्टाच्या परवानगीच्या अटीवर. अरुणांच्या बाबतीत मात्र याचिका फेटाळली. कारण कोर्टाच्या मते त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नव्हता, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा होता. नर्सेसना त्या हव्या होत्या. त्यांना मासे आवडतात, हेही त्या नर्सेसच सांगत.

वर्गात हा निकाल शिकवताना सगळे 'दयामरण योग्य की अयोग्य' यावर भांडतात. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न मोठा वाटतो: बोलू न शकणाऱ्या माणसाच्या वतीने कोण बोलणार? जिने पुस्तक लिहिलं ती, की जिने रोज अंग पुसलं ती? कोर्टाने दुसरीला निवडलं, आणि मला ते पटतं. मे २०१५मध्ये अरुणा गेल्या. २०१८ला घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, २०२३ला तिची किचकट प्रक्रिया सोपी केली. आता निर्णय हॉस्पिटलातल्या दोन वैद्यकीय मंडळांकडे असतो. पण त्या मंडळांवर डॉक्टरच आहेत, आणि नर्सला तिथे जागा नाही, हे मला खटकतं.

औषधांच्या चाचण्यांमध्ये मात्र खुर्ची मिळाली. आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा इथे २००९-१०मध्ये हजारो मुलींना एचपीव्हीची लस एका प्रकल्पात दिली गेली. सात मुलींचे मृत्यू झाले. सरकारी चौकशीत ते लसीमुळे झाल्याचं निघालं नाही, पण संमतीचे कागद तपासले तेव्हा आश्रमशाळा-वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डनने सह्या केल्याचं दिसलं. संसदीय समितीने २०१३ला यावर कडक अहवाल दिला. त्याच सुमारास स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सुप्रीम कोर्ट सरकारला धारेवर धरत होतं. त्या वर्षी एथिक्स कमिट्यांची नोंदणी आणि इजा झाल्यास भरपाई सक्तीची झाली. २०१९च्या नियमांनी आजचा साचा पक्का केला: किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, एक स्त्री, आणि एक समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार. तुम्ही मला मेसेजमध्ये विचारता ती जागा ही.

आता पगाराचं. ही खुर्ची म्हणजे नोकरी नाही. आमच्या कमिटीचं मानधन पेट्रोल आणि जेवण सुटेल इतकंच आहे आणि वाचायला दर महिन्याला दोनेकशे पानं येतात. पगारी कामं बाजूने मिळतात. कमिटीचं ऑफिस चालवायला कोऑर्डिनेटर लागतो. किडनी-लिव्हर बसवणाऱ्या हॉस्पिटलला कायद्याने ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर नेमावाच लागतो आणि त्यासाठी नर्सिंग किंवा समाजकार्याची पदवी चालते. एमएसडब्ल्यूवाल्यांनो, याकडे लक्ष द्या. मोठ्या हॉस्पिटलांना मेडिको-लीगल विभागात वकील हवे असतात. तिथे तुम्ही हॉस्पिटलच्या बाजूने बसाल, हे आधीच स्वतःशी स्पष्ट करून घ्या. एमबीबीएसला २०१९पासून एथिक्स आणि संवादकौशल्य अभ्यासक्रमातच आल्याने शिकवणाऱ्यांची गरज वाढली आहे, पण कॉलेजं बहुतेकदा हे काम आपल्याच डॉक्टरांवर टाकतात. शिकायचं तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा मेडिकल लॉचा दूरस्थ डिप्लोमा आहे, पुण्यात सिम्बायोसिसचा मेडिको-लीगलचा आहे, मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात बायोएथिक्स आहे. बाहेरच्या एलएलएमला कर्ज काढून जाऊ नका, असं माझं मत. स्कॉलरशिप मिळाली तर जरूर जा. आणि कुठेही गेलात तरी सुरुवातीला चार पैसे दुसऱ्या कामातून मिळवावे लागतील. मी अजूनही दिवाणी दावे चालवते.

या खुर्चीवर काय चालतं ते सांगते. मागे एका औषधाच्या चाचणीचं मराठी संमतीपत्र आमच्याकडे आलं. इंग्रजीवरून केलेलं, त्यात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द. माझं सगळं लक्ष भरपाईच्या कलमावर होतं. डॉक्टर सदस्य डोस बघत होते. आमच्या कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी तो शब्द मोठ्याने, अडखळत वाचला आणि संशोधकाला विचारलं, "म्हणजे काय करणार तुम्ही त्या बाईचं?" कोणाला नवं औषध आणि कोणाला जुनं, हे कॉम्प्युटर ठरवणार, असं त्याने सांगितलं. "म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं. मग तसं लिहा. आणि डॉक्टरांच्या हातात ते नाही, हेही लिहा." संशोधक म्हणाला, असं लिहिलं तर पेशंट नाही म्हणतील.

बाईंनी फाइल मिटून त्याच्यासमोर सरकवली. पुढच्या महिन्यात संमतीपत्र परत आलं, चौथ्या पानावर चिठ्ठ्यांचं वाक्य घालून.