निमित्त असलं म्हणजे निघता येतं

कराड-इस्लामपूरकडची, पुण्यात नोकरी करणारी, लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालेली जोडपी हल्ली बँकॉकला उतरतात आणि पुढं बसनं, रेल्वेनं, बोटीनं लाओस, व्हिएतनाम असं करत महिना-दीड महिना हिंडतात. पाठीवर एकेक सॅक, हॉटेल आदल्या रात्री फोनवर ठरवलेलं. गावी ही बातमी सांगितली की पहिला प्रश्न ‘कुठं?’ असा येत नाही, ‘किती खर्च?’ असाही येत नाही. ‘कशाला?’ असा येतो.

म्हाताऱ्यांना परदेश कळत नाही म्हणून ते विचारतात, असं पोरांना वाटतं. मला तसं वाटत नाही. सातारा-सांगलीची जोडपी पूर्वीपासून लांबलांबचे रस्ते तुडवत आली आहेत. पण त्यातल्या प्रत्येकाजवळ ‘कशाला’चं उत्तर घराबाहेर पडायच्या आधीच तयार असायचं. या प्रवासाचा माग काढायचा तर वाटांपेक्षा निमित्तांचा काढावा लागतो.

सगळ्यांत जुनं निमित्त देवाचं. धर्मानं नवऱ्याला एकट्याला फिरायची मुभा दिली, तरी काही कर्मं सपत्नीक करायची म्हणून ठेवली. प्रयागला त्रिवेणीवर वेणीदान करायचं तर नवरा-बायको दोघं लागतात. तिच्या वेणीचं टोक त्यानं कापायचं आणि ते संगमात सोडायचं. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू गंगेत, म्हणजे हिंदुस्थानचा उभा छेद पायी कापायचा. परत आल्यावर मावंदं घालून गावजेवण. पण हे सगळ्यांना परवडणारं नव्हतं, आणि बाई बरोबर नेणं हा जोखमीचा मामला होता. सत्तावन्नच्या धामधुमीत उत्तरेकडं गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे चुलत्यांबरोबर निघाले; बायको घरी राहिली. आणि सातारा जिल्ह्यातला सर्वांत नामांकित प्रवासी म्हणाल तर सज्जनगडावर विसावलेले समर्थ. ते तर, कथेप्रमाणे, जोडपं व्हायच्या आधीच बोहल्यावरून निघाले आणि बारा वर्षं देश हिंडले. प्रवास आणि संसार यांचं जमत नाही, अशी आपल्या मनाची घडण होण्यात या कथेचाही वाटा असावा.

ज्यांना काशी झेपत नव्हती त्यांना कुलदैवत होतं. लग्न झालं की नव्या जोडीनं देवाला जायचं: कुणी जेजुरी, कुणी कऱ्हाड तालुक्यातलं पाल, कुणी शिखर शिंगणापूर, कुणी जोतिबा. पालला पौषात खंडोबा-म्हाळसाचंच लग्न लागतं, म्हणजे देवही तिथं जोडीनंच भेटतो. जेजुरीला नवऱ्यानं नवरीला उचलून काही पायऱ्या चढायच्या हा रिवाज आजही आहे. कित्येक घरांत चारचौघांदेखत नवऱ्यानं बायकोला हात लावायची ती आयुष्यातली एकमेव परवानगी असे. दोघांचा पहिला प्रवास हाच, फक्त बरोबर आत्या, मामा, करवल्या आणि बैलगाडीभर भाऊबंद.

मग वारी. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करून सोलापूरच्या हद्दीत शिरते. या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबांनी, तेही साताऱ्याजवळच्या आरफळचे. शिंद्यांच्या दरबारातली सरदारकी सोडून आलेल्या या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालखीला लष्करी तळासारखी घडी घालून दिली. माउलींचा अश्व येतो बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरकारांचा, आणि आळंदीपर्यंत चालत जाताना सांगली-सातारा हे दोन्ही जिल्हे ओलांडतो.

वारीत जोडपी हजारोंनी असतात. पण दिंडीत पुढं टाळकरी पुरुष, मधे विणेकरी, मागं डोईवर तुळस नि हंडा घेतलेल्या बाया. घरातून जोडीनं निघालेली माणसं वाटभर एकमेकांपासून अर्धा फर्लांग लांब चालतात आणि मुक्कामाला तंबूत भेटतात. खांद्यावरच्या पडशीत नेसूचं एक, पांघरायचं एक आणि वाटेपुरतं खाणं. बाकीचं ओझं पूर्वी बैलगाडीत जायचं, आता ट्रकमध्ये. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री दांपत्याबरोबर महापूजेला बसायचा मान रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला मिळतो, आणि त्या जोडप्याला एसटी महामंडळ वर्षभराचा मोफत प्रवासाचा पास देतं. पंधरवडाभर चालून आलेल्या माणसांना बक्षीस काय, तर आणखी हिंडा! महाराष्ट्र शासनानं जोडप्याच्या भटकंतीला दिलेली इतकी सरळ मान्यता मला दुसरी आठवत नाही.

निमित्तांच्या यादीत तब्येतीचं निमित्त इंग्रजांनी आणलं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं 1828-29 च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या सहकार्यानं महाबळेश्वरला गोऱ्यांसाठी हवा खायचं ठाणं वसवलं. साताऱ्याहून वर जाणारा रस्ता महाराजांनी करून दिला. त्याच महाराजांना पुढं 1839 मध्ये कंपनीनं गादीवरून उतरवलं आणि कुटुंबकबिल्यासह खुष्कीच्या मार्गानं काशीला धाडलं. 1847 मध्ये ते तिथंच वारले. काशीला जायचं निमित्त कुणावर असंही लादलं जातं.

महाबळेश्वरची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. ते बटाटे आणि भाजीपाला पिकवत, टोपल्या विणत. साताऱ्याची जोडपी मलायाकडं जायच्या शंभर-दीडशे वर्षं आधी मलाया बेड्या घालून साताऱ्यात आला होता. पुढं हवापालटाच्या या गावाचं मधुचंद्राच्या गावात रूपांतर झालं. तरी कित्येक दिवस सांगली-मिरजेच्या घरांत ‘हिला जरा थंड हवा मानवते’ असंच म्हटलं जायचं.

आणि पोटाचं निमित्त. इथं जरा थांबायला हवं, कारण उष्ण देशांतून, सामान पाठीवर मारून, परक्या भाषांत शिरत जाणारी या दोन जिल्ह्यांची खरी माणसं इथं सापडतात. सांगलीचा पूर्व भाग, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि त्याला लागून साताऱ्याचे माण-खटाव, हा पर्जन्यछायेचा टापू. कृष्णाकाठच्या उसाला लागून असूनही इथं कुसळं उगवायची. या गावांतून गेल्या शतकात माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, तेजाबानं हीण काढायचं, टंच पाहायचा. दुकानातल्या झाडलोटीतून, राखेतून सोन्याचा कण वेचायचा. भट्टी, मूस, टाकणखार एवढंच भांडवल. जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही. लागतो तो सराफकट्टा, आणि तो देशाच्या प्रत्येक शहरात असतो. त्यामुळं विट्याचा माणूस केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बंगालमध्ये, आसामात कुठंही सापडतो. कोइमतूरच्या किंवा त्रिशूरच्या सोनारआळीत शिरून मोठ्यानं मराठी बोललं, तर कुणी तरी वळून बघणारच.

हे गेले कसे? मिरज जंक्शनवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेनं पुण्याहून मिरजेमार्गे बेळगाव-लोंढ्याकडं मीटरगेज लोहमार्ग नेला. पंढरपुराकडून कवठेमहांकाळवरून येणारी बार्शी लाइटची अडीच फुटी चिमुकली गाडीही पुढं मिरजेला येऊन मिळाली. दुष्काळी गावातला पोरगा त्या छोट्या गाडीनं किंवा एसटीनं मिरजेला यायचा आणि तिथून दक्षिणेकडं तोंड करायचा. आधी जायचा चुलत्याच्या नाही तर मेहुण्याच्या भट्टीवर कामाला. चार वर्षांनी स्वतःची भट्टी टाकायची आणि मग गावी येऊन लग्न.

बायको बरोबर न्यायचं कारण प्रेमाचं नव्हतं. निदान बोलून दाखवायचं नव्हतं. ‘भट्टीवरच्या पोरांचं खाण्याचं हाल होतंय’ हे कारण होतं. गावाकडून आणलेली कामाची पोरं मालकाच्याच खोलीत राहायची, त्यांच्या भाकरी थापायला माणूस हवं. तेव्हा खरसुंडी-भिवघाटापलीकडचं जग न पाहिलेली मुलगी पत्र्याची ट्रंक, वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि जोंधळ्याचं पीठ घेऊन दोन रात्री रेल्वेत बसायची आणि जिथं ज्वारी मिळत नाही, डोक्यावर पदर कुणी घेत नाही, बाजारात एक अक्षर कळत नाही अशा गावात उतरायची. वर्षभरात ती तमिळ नाही तर मल्याळम बोलू लागायची. नवऱ्याच्या आधी बऱ्याचदा तीच, कारण भाजीवालीशी रोज भांडण तिचं. या बायकांनी प्रवासवर्णनं लिहिली नाहीत. लिहिली असती तर मराठीतल्या या वाङ्मयप्रकाराचा तोंडवळा वेगळा दिसला असता, असं मला राहून राहून वाटतं.

1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटवरचे दागिने घडवायला बंदी आली, सोन्यावर जगणाऱ्या सगळ्यांचीच परवड झाली. 1968 च्या कायद्यानं ती गाठ आणखी आवळली; कायदा गेला तो 1990 मध्ये. तरीही गावातून जाणारी माणसं थांबली नाहीत, कारण मागं 1972 चा दुष्काळ उभा होता.

त्याच 1972 मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपं लंडनहून एक जुनी मोटार घेऊन निघालं. अफगाणिस्तानात गाडी विकली आणि मिळेल त्या वाहनानं आशिया ओलांडत ते ऑस्ट्रेलियात पोचलं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वस्तात आशिया कसा ओलांडावा याचं एक पुस्तक छापलं. त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ निघालं आणि 1975 मध्ये आग्नेय आशियाचं मार्गदर्शक पुस्तक आलं. आज सॅक पाठीला लावून फिरणारी जगभरची जोडपी या दोघांना आपलं मूळ मानतात. मानोत बापडी. पण त्याच वर्षी माणदेशातली जोडपी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि ज्यांचं कुणी ‘तिकडं’ होतं ती मिरजेला येऊन गाडीत चढत होती. व्हीलर दांपत्याला घरी जायला घर होतं. यांना निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकाच खंडातल्या एकाच काळातल्या या दोन प्रवासांना एकच नाव द्यायला माझं मन धजत नाही. पण परक्या मुलखात थोडक्यात राहण्याची, स्टोव्हवर शिजवण्याची आणि खाणाखुणांनी बोलण्याची विद्या कुणाकडं जास्त होती हे सांगायला नको.

मध्यमवर्गाचं निराळंच. तो पुस्तकातून फिरला. पु. ल. आणि सुनीताबाई पूर्वेकडं जाऊन आले, त्याचं ‘पूर्वरंग’ झालं, आणि बाली बेट सांगलीच्या गावभागातल्या माडीवर पोचलं. प्रत्यक्ष निघायला सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत होती: चार वर्षांतून एकदा ‘महाराष्ट्र दर्शन’, तेही तिकिटं चिकटवून. म्हणजे निमित्त कचेरीनं पुरवलेलं. त्या मानानं 1980 च्या दशकाअखेर एसटीनं काढलेली ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना मला क्रांतिकारक वाटते. ठरावीक दिवसांचा पास घ्या आणि वाटेल त्या गाडीत बसा. कंडक्टर कुठं जाणार एवढंच विचारणार, कशाला हे विचारणार नाही. मार्च 2023 पासून बाईला एसटीत निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून जोडपं दीड तिकिटात फिरतं. तासगावहून तुळजापूरला जाणाऱ्या गाड्यांत त्याचा परिणाम डोळ्यांनी बघता येतो.

या सगळ्यात नवं काही असेल तर ते एवढंच, की आजचं जोडपं निमित्ताशिवाय निघतं. किंवा निघाल्यासारखं दाखवतं. नीट ऐकलं तर निमित्त आहेच: ‘मूल व्हायच्या आधी एकदा’, ‘लॅपटॉपवर काम चालूच राहील’, ‘चॅनल सुरू करायचंय’. बदललेली गोष्ट दुसरीच आहे. पूर्वी कारण नवऱ्याचं असायचं आणि बाई त्यात सामील केली जायची. आता नकाशा बहुधा तिच्या फोनमध्ये असतो, रात्रीच्या बसची जागा तीच निवडते, आणि एकमेकांपासून अर्धा फर्लांग लांब चालायची गरज कुणाला नसते.

वाटाही सोप्या झाल्या, आणि अवघडही. 2017 पासून डाकघरांत पासपोर्ट केंद्रं निघू लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं आणि डिसेंबरात मलेशियानं भारतीयांना व्हिसा माफ केला. पण साताऱ्याहून जमिनीनं बँकॉक गाठता येत नाही. मणिपुरातल्या मोरेपर्यंत जाता येईल; पलीकडं म्यानमार 2021 च्या लष्करी उठावापासून धुमसतोय. थायलंडमधून कंबोडियात जाणारी पोइपेटची लोकप्रिय वाटही 2025 मध्ये दोन देशांत लढाई जुंपली तशी बंद पडली. तेव्हा विमान टाळून परदेश गाठायचाच असेल तर दक्षिणेकडं एक रस्ता आहे, गलाईवाल्यांच्या पायाखालचा. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरू. तिथं गाडी बदलून तंजावर, जिथं व्यंकोजीराजांच्या वंशानं 1855 पर्यंत राज्य केलं आणि बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. पुढं नागपट्टणम. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरईला बोट पुन्हा सुरू झाली; चारेक तासांत जाफनाजवळ उतरवते. कार्तिक-मार्गशीर्षात बंगालचा उपसागर खवळला की ती बंद ठेवतात, तेव्हा दिवाळी गावी करून, माघाच्या सुमाराला निघालेलं बरं.