तपकिरीचा गंध आणि रसिकांचे मतभेद

जुन्या चीजवस्तूंचा संग्रह करणाऱ्यांस तपकिरीच्या डब्या पुष्कळ मिळतात. कोणी चांदीची, कोणी शिंगाची, कोणी हस्तिदंती, क्वचित् एखादी मिन्याचें काम केलेली. त्यांचीं मापें घेतलीं जातात, छायाचित्रें छापलीं जातात, घडणीवरून काळहि ठरविला जातो. परंतु ज्या द्रव्याकरितां ती डबी घडविली तें द्रव्य कसें होतें, त्याचा वास कोणता, तो कोणास आवडे व कोणास नावडे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. याचें कारण उघड आहे. वास टिकत नाहीं, आणि वासाविषयीं बोलणारे जे रसिक त्यांचें एकमेकांशीं जुळत नाहीं. ज्या तपकिरीला एक जण उंची म्हणून गौरवितो तिलाच दुसरा तबेल्याची उपमा देतो. अशा परस्परविरुद्ध साक्षींवर इतिहास काय उभारावा, असें वाटून संशोधक हा विषय सोडून देतात. माझ्या मतें हें सोडून देणें घाईचें आहे. साक्षीदार खोटे नाहींत; ते निरनिराळ्या गोष्टींविषयीं बोलत आहेत. कोणी पानाविषयीं बोलतो, कोणी पानावर चढविलेल्या सुगंधाविषयीं, कोणी दळण व ओलावा यांविषयीं, तर कोणी वासाचें नांव घेऊन वस्तुतः नाकांत बसणाऱ्या झणक्याविषयीं बोलतो. हे धागे वेगळे केले म्हणजे मतभेद हेंच प्रमाण होऊं शकतें.

वासाचें वर्णन करण्यास आपल्या शास्त्रांत शब्द किती आहेत हें प्रथम पाहूं. तर्कसंग्रह वाचलेल्या विद्यार्थ्यास रस सहा आणि गंध दोनच, सुरभि व असुरभि, हें पाठ असतें. जिभेला सहा आणि नाकाला दोन, ही वांटणी नाकावर अन्याय करणारीच आहे. आणि एवढ्या भांडवलावर तपकिरीचा वाद एक घटकाहि चालणार नाहीं. परंतु महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु व भरद्वाज यांच्या संवादांत पार्थिव गंधाचे नऊ प्रकार सांगितले आहेत : इष्ट, अनिष्ट, मधुर, कटु, निर्हारी, संहत, स्निग्ध, रूक्ष आणि विशद. निर्हारी म्हणजे दूरवर पसरणारा, संहत म्हणजे अनेक द्रव्यांचा मिळून एक झालेला, विशद म्हणजे मोकळा, न चिकटणारा. या यादींतील पहिले दोन शब्द भोक्त्याच्या रुचीचे आहेत व उरलेले सात द्रव्याच्या गुणाचे आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. रसिकांचीं भांडणें पहिल्या दोन शब्दांवरून होतात. इतिहासकारास उपयोग आहे तो पुढच्या सातांचा. तंबाखू अमेरिकेंतून येण्याच्या कितीतरी शतकें आधीं रचलेली ही परिभाषा तपकिरीच्या डबीस इतकी चपखल बसावी याचें नवल वाटतें.

नाकांत पूड घेण्याची चाल मात्र आपल्याकडे तंबाखूहून फार जुनी आहे. चरकानें सिद्धिस्थानांत नस्याचे नावन, अवपीड, ध्मापन, धूम आणि प्रतिमर्श असे पांच भेद केले आहेत. त्यांतील ध्मापन, ज्यास सुश्रुत प्रधमन म्हणतो, तें म्हणजे सहा अंगुळें लांबीच्या दुतोंडी नळींतून औषधी चूर्ण नाकांत फुंकणें. येथें चूर्णाची परीक्षा कार्यावरून होते. शिंका आल्या कीं नाहीं, कफ सुटला कीं नाहीं, डोकें हलकें झालें कीं नाहीं, हें वैद्य पाहतो. वास आवडला काय, असें तो रोग्यास विचारीत नाहीं. कन्नड भाषेंत आजहि तपकिरीस नश्य म्हणतात, म्हणजे औषधाचें नांव व्यसनाला मिळालें. तमिळांत मूक्कुप्पोडि, म्हणजे केवळ नाकाची पूड, असा सरळ शब्द आहे. हिंदींतील सुंघनी हुंगण्याच्या क्रियेवरून आणि गुजरातींतील छींकणी परिणामावरून पडलेलीं नांवें आहेत. यांपैकीं एकाहि नांवांत गंध नाहीं.

मराठी तपकीर हा शब्द या सर्वांहून निराळा. माझ्या समजुतीप्रमाणें तो त्वक्क्षीर, तवकीर या मालिकेंतला आहे. त्वक्क्षीर म्हणजे वंशलोचन, आणि तवकीर म्हणजे कंदापासून काढलेलें पांढरें मऊ सत्त्व. गुजरातींत तपखीर या एकाच शब्दानें उपासाचें सत्त्वहि समजतात व नाकांत घ्यावयाची पूडहि समजतात. हा त्या व्युत्पत्तीस मोठा आधार होय. तसें असेल तर मराठी माणसानें या वस्तूस नांव देतांना तिचा दळणाचा गुण पाहिला : बोटांच्या चिमटींत पिठासारखी लागते ती तपकीर. पुढें शब्दाचा व्याप असा वाढला कीं एका रंगासच तपकिरी हें नांव पडलें, आणि ज्यांनीं जन्मांत चिमूट ओढली नाहीं तेहि तो शब्द रोज वापरतात.

तंबाखू उत्तरेकडे पोहोंचली ती दक्षिणेंतून. अकबराचा वकील असदबेग यानें इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व रत्नजडित चिलीम नेऊन बादशहापुढें ठेवली, आणि हें द्रव्य घ्यावें कीं न घ्यावें यावर दरबारांतील हकिमांचा वाद झाला. तो वाद धुराचा होता, गंधाचा नव्हे. संस्कृतज्ञांनीं तमाखुपत्र या शब्दाचा तम् आखुपत्रम् असा पदच्छेद करून उंदीर ज्याचें वाहन त्या गजाननाकडे अर्थ वळविला आणि व्यसनास पांडित्याचें पांघरूण घातलें; पण तेथेंहि वासाचा उल्लेख नाहीं. विनोद झाला, वर्णन झालें नाहीं.

वासाविषयींचे वाद कागदावर उतरविण्याची चाल पडली ती इंग्लंडांत, आणि त्या वादांत आपल्या पूर्व किनाऱ्यावरची एक तपकीरहि ओढली गेलेली असल्यामुळें तिकडे वळणें प्राप्त आहे. १७०२ सालीं इंग्रज व डच आरमारानें प्रथम कादिझजवळ आणि नंतर विगोच्या खाडींत स्पॅनिश लोकांचा जो माल लुटला त्यांत तपकिरीचा मोठा सांठा होता. ती इंग्लंडच्या बंदरांतून स्वस्तांत विकली गेली, आणि जी वस्तु तोंवर थोड्यांची होती ती बहुतांची झाली. ही हकीकत सांगणारा चार्ल्स लिली हा लंडनचा अत्तरविक्या. ‘टॅटलर’ व ‘स्पेक्टेटर’ या प्रसिद्ध पत्रांतून त्याचें नांव येतें. त्याचें हस्तलिखित पुढें १८२२ सालीं छापलें गेलें. तपकिरीच्या जाती, त्यांची कृति आणि भेसळ यांवर त्यांत प्रकरणें आहेत. हस्तलिखित जपणाऱ्यांनीं तें जपलें नसतें तर आज विगोची तपकीर हें नुसतें एक नांव उरलें असतें.

त्या काळच्या पद्धतीप्रमाणें तंबाखूचीं पानें घट्ट वळून गाजराच्या आकाराची वळी करीत व ती किसणीवर किसीत. फ्रेंचांत किसणें या अर्थाच्या धातूवरून रापे हें नांव पडलें तें जाड, काळसर व ओलसर तपकिरीचें. लंडनच्या हेमार्केटमध्यें १७२० सालीं निघालेल्या फ्रिबूर्ग व ट्रेयर यांच्या दुकानाची पाटीच किसणी आणि मुकुट अशी होती. तें दुकान १९८१ सालीं बंद झालें. तेथें येणाऱ्या रसिकांत दोन पंथ होते असें म्हणतां येईल. एकास तपकिरींत गुलाबाचें अत्तर, नारिंगाच्या फुलांचा अर्क, किंवा टोंका नांवाच्या दक्षिण अमेरिकेंतील बीचा वाळल्या गवतासारखा वास हवा; मार्टिनीक बेटांतील मकूबा ही गुलाबाच्या वासाची तपकीर याच पंथाची. दुसऱ्यास अत्तर म्हणजे वाईट पान लपविण्याची युक्ति वाटे. शांतिपर्वाच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्यास संहत व निर्हारी गंध प्रिय, दुसऱ्यास विशद. डब्लिनच्या लंडी फूटची भाजून कोरडी केलेली तपकीर ही रूक्ष गंधाची पराकाष्ठा. चुकून जास्त भाजली गेली म्हणून ती निर्माण झाली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, करपलेल्या वासास गुण मानणारा एक वर्ग होता हें तिच्यावरून सिद्ध होतें.

याच बाजारांत मसुलिपटम या नांवाची तपकीर विकली जात असे. हें आपलें मच्छलीपट्टण. गोदावरीच्या पात्रांत लंका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटांवर पुराच्या गाळांत पिकणारी तंबाखू त्या प्रांतीं नांवाजलेली आहे. लंडनच्या रसिकास मच्छलीपट्टण नकाशावर दाखवितां आलें असतें कीं नाहीं याची शंका आहे, पण बरणींतून तो तें ओळखीत असे. आपल्याकडे त्याच गांवाचें नांव कलमकारी कापडासाठीं घेतलें जातें. कापड संग्रहालयांत आहे, तपकीर नाहीं.

रसिकांच्या मतास मान किती द्यावा याविषयीं कॅप्टन जेसी यानें १८४४ सालीं लिहिलेल्या ब्रमेलच्या चरित्रांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रमेल हा त्या काळच्या लंडनांत पोशाख व चालीरीती यांचा मोठा अधिकारी. मार्टिनीकची तपकीर आली असतां जाणत्या मंडळींनीं एक पिंप हुंगून नापसंत केलें. मंडळी गेल्यावर ब्रमेलनें दुकानदारास सांगितलें कीं, त्याच पिंपांतल्या कांहीं बरण्या माझ्या नांवें भरून ठेव आणि मीं त्या घेतल्या असें लोकांना सांग. थोड्याच दिवसांत नापसंत पिंप खपून गेलें. या गोष्टीवरून रसिक ढोंगी असतात असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, आणि कित्येकांनीं तो काढलाहि असेल. मला तीत एवढेंच दिसतें कीं इष्ट आणि अनिष्ट हे शब्द एका माणसाच्या शब्दासरशी बदलतात. पिंपांतली पूड जी होती तीच राहिली. त्याच मंडळींतले लॉर्ड पीटरशॅम डब्यांचे इतके शौकीन कीं, सेव्ह्रच्या एका नाजूक डबीची कोणीं स्तुति केली तेव्हां ती उन्हाळ्यापुरती ठीक आहे, हिंवाळ्यांत चालणार नाहीं, असें ते म्हणाल्याचें ग्रोनो लिहितो. आजचा संग्राहक या लॉर्डसाहेबांचाच वंशज, फक्त त्यानें डबींतली तपकीर झटकून टाकली आहे.

द्रव्याच्या गुणांचे शब्द नेमके वापरले ते चिनी लोकांनीं. १६८४ सालीं नानकिंग येथें ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं पुढें ठेवलेल्या नजराण्यांपैकीं कांगशी बादशहानें बाकी सर्व परत करून तपकीर तेवढी ठेवून घेतली. पुढें तिच्यासाठीं कांचेच्या चिमुकल्या कुप्या निघाल्या, कारण तिकडच्या दमट हवेंत उघडझांप करावयाच्या डबीपेक्षां बूच असलेली कुपी बरी. चाऊ चिछ्येन (१८२९–१८८४) हा चित्रकार, मुद्रा कोरणारा आणि शिलालेखांचा अभ्यासक. त्यानें तपकिरीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्यास नाकाच्या अधिष्ठात्या देवतेचें नांव दिलें. पुराणवस्तूंच्या अभ्यासकास हा विषय हलका वाटला नाहीं, हें आपल्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तिकडचे जाणते तपकिरीचा वास बोकडासारखा, करपलेला, आंबट, कडू अशा शब्दांनीं ओळखीत. बोकडासारखा वास ही तेथें निंदा नव्हे, जात सांगणारी खूण होय.

आपल्याकडे वाद आहे तो ओली आणि कोरडी यांचा. मद्रासकडे पान भाजून, त्यांत तूप व चुना घालून पूड करतात. तुपानें गंध स्निग्ध होतो. चुन्याचें काम वेगळेंच आहे. तंबाखूंतील निकोटिन आम्लाशीं बांधलेलें असतें, तें चुन्यानें मोकळें होतें व अमोनियाहि सुटतो, म्हणून ती चटकन झोंबते. जो तिला तेज म्हणतो आणि जो तिला तबेला म्हणतो ते दोघेहि त्या अमोनियाचेंच वर्णन करीत असतात. पाठशाळांतून शास्त्रीबोवांच्या उपरण्याच्या टोंकाशीं जी डबी असे तींतल्या चिमटीचें प्रयोजन बहुधा जागें राहणें हेंच होतें. परिभाषेंदुशेखराच्या अवघड स्थळीं शिंक हाच पूर्वपक्ष आणि तोच सिद्धांत. पोथ्यांच्या पानांमध्यें अडकलेले तपकिरीचे कण हाताळणाऱ्यांच्या परिचयाचे आहेत, आणि ते झटकतांना मूळ मालकाविषयीं कोणी चार बरे शब्द काढीत नाहीं.

या साक्षींचें एक वैगुण्य मात्र सांगितलें पाहिजे. अति तपकिरीनें घ्राणशक्ति मंद होते, म्हणजे साक्षीदार जसजसा अनुभवी होतो तसतसें त्याचें साधन बोथट होतें. लंडनच्या डॉ. जॉन हिल यानें १७६१ सालींच अति तपकीर ओढणाऱ्या दोघांच्या नाकांत झालेल्या घातक ग्रंथींचें वर्णन छापून लोकांस सावध केलें होतें. म्हणून मुरलेल्या रसिकानें गंध मंद आहे असें लिहिलें तर तो मंदपणा पुडीचा कीं नाकाचा, हें पाहावें. झणक्याविषयींची त्याची साक्ष त्या मानानें अधिक विश्वसनीय.

संग्राहकांस विनंति आहे ती एवढीच कीं, डबी हातीं आल्यावर ती चिंच व राख लावून घांसूं नये. झांकणाच्या सांध्यांत उरलेली पूड कागदावर झाडून, कांचेच्या लहान नळींत बंद करून, वर डबीचा क्रमांक घालावा. पूड जाड कीं बारीक, काळी कीं तांबूस, बोटास तुपकट लागते कीं कोरडी, हें त्याच दिवशीं लिहावें. वास उरला असेल तर आवडला किंवा नावडला असें न लिहितां वरील सात शब्दांपैकीं कोणता लागू पडतो तो नोंदवावा. चुन्याचा अंश आहे कीं नाहीं हें पाहण्यास लिंबाच्या रसाचा एक थेंब कित्येकदां पुरतो. बारीक बुडबुडे आले तर ती पूड चुना घालून केलेली असावी, आणि डबी कोठेंहि घडलेली असली तरी तींतली शेवटची चिमूट दक्षिणेकडची असण्याचा संभव अधिक.