घोंगडीचे घराणे

खानदेशचा इतिहास म्हटला की आपले लक्ष प्रथम बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांकडे, १६०१ साली अकबराच्या हाती पडलेल्या अशीरगडाकडे, किंवा लळिंग-थाळनेरच्या तटबंदीकडे जाते. त्या तटाखालच्या गावात माणसे कशावर बसत व काय पांघरून निजत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक तोही इतिहासच होय.

दरबारी कापडाची नोंद सापडते. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फज्लने खानदेशच्या ‘सिरिसाफ’ व ‘भिरौन’ या तलम वस्त्रांचा गौरवाने उल्लेख केला आहे. आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथील गालिच्यांचे कारखानेही त्याने सांगितले आहेत. घोंगडीला मात्र असा कोणी बखरकार लाभला नाही.

गालिचा आणि घोंगडी यांत एक मोठा भेद आहे. काश्मीर-अमृतसरकडील गालिच्याची नक्षी ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवीत. ती वाचून दाखवावी आणि कारागिराने गाठी माराव्यात. नमुना कागदावर आला की विद्या घराबाहेर पडू शकते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात येरवड्याच्या तुरुंगातही कैद्यांकडून गालिचे विणून घेता आले! घोंगडीची विद्या कधी कागदावर आली नाही. ती घरातच राहिली आणि घराबरोबरच चालली.

हे घर म्हणजे नुसता मागावरचा पुरुष नव्हे. धुळे जिल्ह्यातील ठेलारी धनगरांसारखे मेंढपाळ कळप घेऊन हिंडावयाचे. वर्षातून दोनदा लोकर कातरली जायची. ती धुऊन पिंजावयाची, मग घरातील बायकांनी तिचे सूत कातावयाचे. चिंचोक्याची खळ शिजवून ती ताण्याला चढविली, म्हणजे खरखरीत धाग्याला मागावरचा ताण सोसतो. खळ किती दाट हवी, हे बोटांनाच कळते. सासूने सुनेला ते हाती धरून शिकविले नाही, तर पुढे खड्डामागावर बसणाऱ्याचा धागा पदोपदी तुटणारच. काळा व पांढरा हे रंग मेंढीचेच. रंगाऱ्याचे काम नाही. विणणाऱ्याचे नाव झाले, कातणारीचे झाले नाही, हा अन्याय येथे नमूद केलाच पाहिजे.

(भिजलेली घोंगडी लवकर वाळत नाही, हे आपण जाणतोच, रेंगाळलेल्या प्रकरणाला ‘भिजत घोंगडे’ म्हणतात ते त्यामुळेच असावे.)

या घराण्याला धक्का कोणी दिला? जळगावला आणि अमळनेरला कापडगिरण्या निघाल्या, त्यांना आपण सहज दोष देतो. परंतु त्या सुताच्या गिरण्या; लोकरीशी त्यांचे वैर नव्हते. मला अधिक वजनदार कारण वाटते ते चराईचे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारी वनांतील चराईवर बंधने आली. पुढे पडीक जमीनही नांगराखाली गेली. कळप आटले, तशी लोकर आटली. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच थोडी आणि राठ. मऊ कापड विणणाऱ्या गिरण्यांना ती नको असते. त्यात पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आठवड्याच्या बाजारात आली.

आज कातरलेली लोकर बांधावर टाकून देणारे मेंढपाळ आढळतात. मेंढ्या आहेत, कातरीही चालते. मधली कातणारी म्हातारी तेवढी उरलेली नाही.