साखरेची खूण

इस्लामपूरच्या ऊसपट्ट्यात साखर म्हटले की आम्हांला कारखाना आणि उतारा आठवतो. पेशीत मात्र साखर ही तपासणीची खूणही असते, हे कळायला विज्ञानाला बराच काळ लागला.

पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांची वाट जॉर्ज पॅलेड यांनी दाखवली. १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. या वाटेवरचा पहिला मुक्काम म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. तेथे यातील बहुतेक प्रथिनांना चौदा शर्कराघटकांची शाखा जोडली जाते. तिच्या टोकाच्या तीन ग्लुकोजपैकी दोन छाटले जातात. तिसरे असेपर्यंत कॅल्नेक्झिन प्रथिनाला धरून ठेवते. ते निघाले की सोडते. घडी चुकलेली असल्यास एक विकर ग्लुकोज पुन्हा जोडते आणि प्रथिनाला दुसरी संधी मिळते. हे विकर १९८० च्या दशकात अर्जेंटिनाच्या आर्मान्दो पारोदी यांच्या संशोधनातून पुढे आले. १९९४ मध्ये आरी हेलेनियस आणि सहकाऱ्यांनी साऱ्या चक्राची संगती लावली. वारंवार चुकणारे प्रथिन अखेर मोडीत निघते.

ही तपासणी घडी पाहते, उपयोग नाही. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये ओळखल्या गेलेल्या अल्फा-१-अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेच्या नेहमीच्या गंभीर प्रकारात हे प्रथिन काही अंशी काम करू शकते. तरीही त्यातले बरेचसे यकृतपेशीतच मोडले जाते, काही तेथेच साचून यकृत बिघडवते आणि फुप्फुसांचे संरक्षण घटते.

उत्तरपत्रिका तपासताना पुन्हा संधी देण्याची ही रीत आम्हांला हवीशी वाटते. हस्ताक्षर पाहून आशय नापास करण्याची आमची सवयही त्याच वेळी आठवते.