फराहबागेचं पाणी, पँझीची कुंडी

पँझीच्या फुलाला चेहरा असतो. पण तो फार जुना नाही. १८१० नंतर इंग्लंडमध्ये लेडी मेरी बेनेट आणि लॉर्ड गँबियर यांच्या बागांत साध्या रानफुलांतून निवड आणि संकर सुरू झाले. गँबियर यांचे माळी विल्यम थॉम्पसन यांना त्यातूनच मधोमध गडद डाग असलेलं फूल मिळालं. तोच हा चेहरा. पँझी हे नाव फ्रेंच शब्दावरून आलं. त्याचा अर्थ ‘विचार’.

पँझीची एक बहीण मात्र आपल्याकडे शतकानुशतकं आहे. खोकल्यावरच्या युनानी काढ्यातला बनफशा, तीच ती.

आमच्या नगर जिल्ह्यात बाग म्हटलं की आधी पाणी. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, फराहबागेचा महाल तलावाच्या मधोमध उभा राहिला. शहराला खापरी नळांनी पाणी येई. आज महालाच्या भिंती आहेत, तलाव कोरडा आहे.

सुपं पारनेर तालुक्यातलं, कमी पावसाचं. इथं मोठ्या वाफ्याला पाणी कुठून आणावं? म्हणून मी कुंडी धरली. ऑक्टोबरात बी पेरून वर मातीचा पातळ थर देतो, कारण ते अंधारात रुजतं. चार-पाच पानं आली की रोप कुंडीत लावायचं. कुंडीला भोक, सकाळचं ऊन, तांब्याभर पाणी, एवढं पुरतं. सुकलेली फुलं खुडली की नवी येतात. उन्हाळा तापला की रोप मान टाकतं.

सुलतानाची बाग पाण्याबरोबर गेली. तांब्याभर पाण्यावरची ही बाग मात्र दर हिवाळ्याला पुन्हा मांडता येते.