चरखा संघाचे लाखाचे बक्षीस आणि कताईची मजुरी

१९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी लक्षणीय आहेत. यंत्र झोपडीत हाताने वा पायाने चालावे. स्त्रीला ते फारसे श्रम न होता आठ तास चालविता यावे. किंमत १५० रुपयांच्या आत असावी. आणि आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. यंत्रविरोधी म्हणून हिणविल्या गेलेल्या गांधीजींच्या संस्थेनेच अभियंत्यांपुढे ठेवलेली ही मागणी होती.

बक्षीस कोणासही मिळाले नाही. चात्यावरील उत्पादन वाढत नसेल, तर कातणारणीची मिळकत वाढावी कशी? १९३५ मध्ये संघाने किमान मजुरीचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागली. यंत्रशोधापेक्षा हा निर्णय अधिक धाडसाचा मानावा लागेल, कारण त्याचा भार थेट खादी वापरणाऱ्यावर पडला.

एकाहून अधिक चात्यांचा चरखा पुढे एकांबरनाथन यांनी तयार केला. त्यांच्याच नावावरून तो ‘अंबर चरखा’ म्हणून ओळखला गेला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६-६१) शासनाने त्याचा पुरस्कार केला.