कुबडा महासीर: गळाला लागला, नाव मात्र सापडेना

आजच्या भागात एका माशाची गोष्ट. हा मासा दोनदा सापडला. पहिल्यांदा १९४६ साली, गळाला. दुसऱ्यांदा २०१८ साली, शास्त्रज्ञांना. मधल्या बहात्तर वर्षांत त्याला अनेकांनी हातात धरलं, त्याच्याबरोबर फोटो काढले, पण तो नेमका कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नदी कावेरी. मासा महासीर, पण साधासुधा नव्हे. डोक्यामागून याची पाठ एकदम चढते, बैलाच्या वशिंडासारखी. इंग्रज गळकरी त्याला 'हंपबॅक' म्हणायचे, आपण कुबडा महासीर म्हणू. दीड मीटरपेक्षा लांब आणि पंचेचाळीस किलोंहून जड होणारा हा मासा जगात फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांमध्ये आहे.

गळाने मासे धरणाऱ्यांना त्याचं वेड जुनंच. मद्रासच्या सनदी सेवेतले हेन्री सलिवन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. वजनाला वजन लावून पाहिलं तर महासीर सॅमनपेक्षा जास्त झुंजतो, असं त्यांचं म्हणणं. विलायतेत सॅमन म्हणजे माशांचा राजा. तेव्हा हे वाचून किती जणांनी काठ्या बांधून हिंदुस्थानची वाट धरली असेल, कल्पना करा. पुढे १९१९ मध्ये रिव्हेट-कारनॅक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने कावेरीत ११९ पौंडांचा महासीर काढला. आता याच्यापुढे कोण जाणार?

सव्वीस वर्षं कुणी गेलं नाही. मग १९४६ च्या मार्चमध्ये कबिनी नदीवर डी वेट व्हॅन इंगेन या म्हैसूरच्या माणसाच्या गळाला एक मासा लागला. वजन १२० पौंड, म्हणजे साधारण साडेचोपन्न किलो. विक्रम मोडला तो एका पौंडाने!

हे व्हॅन इंगेन कोण? म्हैसूरमध्ये मेलेली जनावरं पेंढा भरून जिवंत दिसतील अशी उभी करणारं एक घराणं होतं. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतले कितीतरी वाघ आणि बिबटे यांच्याच कारखान्यातून आलेले. डी वेट त्या घरातला. म्हणजे नमुना जपून ठेवणं हा ज्या घराचा धंदा, त्याच घरातल्या माणसाने कावेरीच्या खोऱ्यातला एवढा मोठा मासा काढला. आणि तरीही अशा एखाद्या मोठ्या माशावरून या जातीला शास्त्रीय नाव मिळालं, असं काही घडलं नाही. का? माझा अंदाज असा, की सगळ्यांना वाटत होतं हे काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. एवढा प्रसिद्ध मासा, बिननावाचा कसा असेल?

आता थोडं आपल्याकडे येऊ, कारण या गोष्टीत पुणं आणि लोणावळा आहे. कर्नल सायक्स यांनी पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. तो 'टॉर खुद्री', निळसर परांचा दख्खनी महासीर. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून लोक ज्यांना लाह्या-चुरमुरे घालतात, ते महासीरच. धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी महासीर कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या खुद्रीची कृत्रिम पैदास सुरू झाली. काम अव्वल दर्जाचं होतं, यात शंका नाही. तिथली बोटुकली देशातल्या अनेक पाण्यांत गेली. कावेरीतही गेली.

तिथेच घोळ झाला. महासीर कमी झालाय, महासीर सोडू, इतका सरळ हिशेब होता. पण कावेरीचा महासीर वेगळा आहे, हे कागदावर कुठे होतं? ज्याला नाव नाही, त्याचं नुकसान नोंदवणार कुठल्या रकान्यात?

पुढचा पुरावा आला तो शौकीन मंडळींच्या वह्यांतून. कर्नाटकात कावेरीकाठी गळाच्या छावण्या होत्या. तिथे मासा मारायचा नाही, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा, हा नियम. प्रत्येक माशाची नोंद व्हायची. गाळिबोरे छावणीच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन वगैरे संशोधकांनी तपासल्या. सहा हजारांवर महासीर त्यात होते. निळ्या पराचे वाढत चाललेले. कुबडे मात्र दरवर्षी कमी, आणि जे मिळत ते सरासरीने अधिकाधिक मोठे.

मोठा मासा मिळाला की गळकरी खूश. पण ही नोंद नीट वाचली तर पोटात गोळा येतो. घरात फक्त म्हातारी माणसंच उरली तर आपण काय म्हणतो? पिल्लं येतच नव्हती.

मग खरा शोध सुरू झाला, या वेळी नावासाठी. तामिळनाडूत मोयार नदीवर, वाघांच्या जंगलात, संशोधकांना कुबडे महासीर मिळाले. त्यांची ठेवण मोजली, डीएनए तपासला, जुनी पुस्तकं चाळली. उत्तर निघालं ते केरळातलं. पांबार या कावेरीच्या छोट्या उपनदीतून २००७ मध्ये एक महासीर वर्णिला गेला होता, 'टॉर रेमादेवी'. नाव दिलं होतं भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या मत्स्यतज्ज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून. पण ते वर्णन लहान, न वाढलेल्या माशांवरून केलेलं. ती पिल्लं आणि व्हॅन इंगेनच्या काळापासून गाजलेले ते अजस्र मासे एकाच जातीचे आहेत, हे अकरा वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. २०१८ मध्ये ते सिद्ध झालं.

नाव मिळालं म्हणून जागतिक लाल यादीत त्याची नोंद करता आली. ती त्याच वर्षी झाली, थेट 'अत्यंत संकटग्रस्त' या वर्गात. आणि आपल्या लोणावळ्याच्या खुद्रीचं? तिला धोक्यातल्या जातींतून काढून 'कमीत कमी चिंतेच्या' वर्गात टाकलं, तेही २०१८ मध्येच.